टी.वाय. अर्थशास्त्र: ऊसदरावर प्रोजेक्ट करायचाय, पण गाडी आकृतीतच अडकलीय

पंचगंगाकाठची

नमस्कार मंडळी. मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, स्पेशल विषय अर्थशास्त्र. कॉलेज कोल्हापुरात, घर शिरोळ तालुक्यात, त्यामुळं निम्मा अभ्यास एसटीत होतो. इथं बरीच जाणकार मंडळी लिहितात असं मावसभावानं सांगितलं म्हणून धागा काढतेय.

प्रश्न दोन आहेत.

पहिला प्रोजेक्टचा. मी ऊसदर हा विषय घेतलाय. सर म्हणाले, दहा कारखान्यांचे दर आणि उतारा (उसातून शेकडा किती साखर निघते तो आकडा) घे, एक्सेलमध्ये रिग्रेशन (एक आकडा दुसऱ्यावर किती अवलंबून आहे ते काढायची रीत) लाव, थिअरीत मोनोप्सनी (खरेदीदार एकच असलेला बाजार) लिही. गाइडमध्ये मोनोप्सनी अर्धं पान आहे आणि एक आकृती. आकृती पाठ आहे. घरी आण्णांना काढून दाखवली, तर ते म्हणाले, "बरं, कारखाना आमाला दर कमी का देतो ते कळलं. आता सरकारनं दर बांधला तर ह्या रेघांचं काय हुतं?" गाइड तिथंच संपतंय.

दुसरा प्रश्न: एम.ए. चांगल्या ठिकाणी करायचं तर गणित लागतंच का? माझं दहावीनंतर सुटलंय.

रंकाळा_कट्टा

आण्णांनाच एम.ए.ला बसवा. प्रवेश पक्का.

एमपीएससी_भावा

ताई, एवढं खोलात जाऊन काय मिळणार? प्रोजेक्ट मागच्या वर्षीचा बघून लिही आणि राज्यसेवेला लाग. अर्थशास्त्राचे प्रश्न तिथंपण येतात, पण ते योजना आणि समित्यांवर. रेघा कोण विचारत नाही.

जुना_राजारामियन

आण्णांचा प्रश्न हाच खरा तृतीय वर्षाचा प्रश्न आहे. उत्तर आकृतीतून नको, आकड्यांतून काढू. खालचे आकडे काल्पनिक आहेत, हिशोब सोपा जावा म्हणून घेतलेले.

समजा एका टापूत एकच कारखाना आहे. शेतकऱ्यांचा पुरवठा असा: दर = १०० + क. 'क' म्हणजे उसाचे टन. जास्त ऊस हवा तर जास्त दर द्यावा लागतो, इतकाच त्याचा अर्थ. कारखान्याला प्रत्येक जादा टनापासून मिळणारा सीमांत महसूल: ४६० − क.

आता गंमत इथं आहे. १०० टन घ्यायचे तर दर २००, एकूण खर्च २०,०००. १०१ टन घ्यायचे तर दर २०१, एकूण खर्च २०,३०१. म्हणजे त्या शेवटच्या टनाला शेतकऱ्याच्या हातात २०१ पडले, पण कारखान्याचा खर्च ३०१ नं वाढला. कारण आधीच्या शंभर टनांनाही एकेक रुपया वाढवून द्यावा लागला. गाइडमधली वरची चढती रेघ म्हणजे हेच. तिचं समीकरण १०० + २क.

कारखाना कुठं थांबेल? ४६० − क = १०० + २क. म्हणजे क = १२० टन आणि दर २२०. स्पर्धा असती तर ४६० − क = १०० + क, म्हणजे १८० टन आणि दर २८०. एकट्या खरेदीदारामुळं दरही पडला आणि ऊसही कमी गेला.

आता सरकारनं २५० दर बांधला. १५० टनांपर्यंत ऊस २५० ला येतो, कितीही घ्या, दर तोच. त्यामुळं "एक टन जास्त घेतला की सगळ्यांना वाढवून द्यावं लागेल" ही कारखान्याची भीतीच गेली. १५० व्या टनाचा महसूल ३१०, खर्च २५०. कारखाना १५० टन घेईल. त्यापुढं घेत नाही, कारण तिथून पुन्हा चढती रेघ सुरू होते आणि पुढच्या टनाचा खर्च ४०० च्या घरात जातो.

म्हणजे दर २२० चा २५० झाला आणि खरेदी १२० ची १५० झाली. दर बांधला की खरेदी घटते हे आपण बारावीला शिकवतो. ते स्पर्धेच्या बाजाराला खरं आहे, इथं नाही. किमान वेतनाच्या वादातही हाच मुद्दा येतो. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी १९९४ साली न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या फास्टफूड दुकानांची तुलना केली. न्यू जर्सीत किमान वेतन वाढलं होतं, तरी तिथली नोकरभरती घटल्याचं त्यांना दिसलं नाही. त्यामागचं एक संभाव्य स्पष्टीकरण हेच. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

पण दर ३०० बांधला तर? शेतकरी २०० टन द्यायला तयार, कारखाना १६० वर थांबेल. ४० टन फडात उभा. हे आण्णांना सांगून बघ, ते काय म्हणतात ते इथं लिही.

रंकाळा_कट्टा

सर, दंडवत. कॉलेजात असताना हे असं कुणी सांगितलं असतं तर मी आज विमा विकत नसतो. धागा वाखूसा (वाचनखूण साठवली).

फडकरी

सरांचा हिशोब कळला, पर एक सांगतो. एकच कारखाना हाय कुठं? आमच्या गावात चार कारखान्यांच्या ऊसतोड टोळ्या येत्यात, त्यातला एक कर्नाटकातला. शिवाय गुऱ्हाळं हायत. तरीबी पोराला ऊस घालवायला पळापळ करावीच लागती.

कारण दर न्हवं. कारण ऊस. आडसाली लावण म्हंजे सोळा-सतरा म्हैनं रान अडकलं. एकदा पिकला, तुरा आला की वजन घटाय लागतंय. तोडला की दुसऱ्या दिवशी वाळतोय. तो काय मी तांदळासारखा कणगीत घालून ठेवू व्हय? ज्याची टोळी आधी येईल त्यो माझा कारखाना. मग टोळी आणायला खुशाली म्हंजे तोडकऱ्यांना वरचं पैसं, ट्रॅक्टरवाल्याला द्यायची एन्ट्री, कधी मटणाचं जेवान. पेपरात दर वाचता त्यातनं ही सगळी वजा करा. मग उरतोय त्यो दर.

जुना_राजारामियन

फडकरी, तुम्ही दोन वाक्यांत एक आख्खा पेपर सांगितलात. ऊस लावायच्या आधी तुमच्याकडं पर्याय असतात. लावल्यावर नाहीत. पैसा जमिनीत गेला, आता समोरचा म्हणेल ती अट. अर्थशास्त्रात याला होल्ड-अप म्हणतात. कारखाने पाच असले तरी पिकलेला ऊस पाच दिवस थांबू शकत नसेल, तर त्या आठवड्यापुरता खरेदीदार एकच.

आणि खुशाली म्हणजे माझ्या गणितातले ते ४० टन. दर कागदावर वर बांधला आणि माल जास्त झाला की रांग लागते. रांगेत पुढं जायला जे द्यावं लागतं तोही दराचाच भाग, फक्त पावती नसते.

शेती_ऑफिस

मी एका कारखान्याच्या शेती खात्यात आहे. नाव सांगत नाही. एक बाजू आमचीही ऐका.

सीमांत महसुलाची रेघ तुम्ही छान तिरकी काढलीत, पण कारखान्याची गाळपक्षमता ठरलेली असते. रोजचे अमुक टन म्हणजे अमुकच. त्यापुढं एक टनही जात नाही, फुकट दिला तरी. हंगाम चार-पाच महिने. सगळ्यांना जानेवारीतच तोड पाहिजे, कारण उतारा तेव्हा चांगला आणि रान लवकर मोकळं. नोंदीच्या तारखेप्रमाणं कार्यक्रम लावतो, पण टोळी मुकादमाच्या हातात, आमच्या नाही. आगाऊ उचल देऊनही टोळी आलीच नाही असंही होतं.

साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ ला ३१ रुपये किलो केला. तेव्हापासून एफआरपी (उसाला द्यायचा सरकारी किमान दर) किती वेळा वाढली ते मोजा. साखर वर्षभर विकायची, उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे. मधला खड्डा बँकेच्या मालतारण कर्जानं भरतो, त्याचं व्याज आहेच. एवढंच म्हणणं की हे सगळं मोनोप्सनी या एका शब्दात बसत नाही.

फडकरी

१४ दिवसांत देतासा व्हय? बरं.

शेती_ऑफिस

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

गारगोटी_ते_गोरेगाव

धाग्याचं शीर्षक बघून थांबले. मी शिवाजी विद्यापीठातूनच बी.ए. केलं, मग गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत एम.एस्सी. प्रोजेक्टबद्दल एक धोक्याची सूचना, कारण यात बरीच मुलं फसतात.

तू दर आणि उतारा यांचं रिग्रेशन करणार आहेस. आर-स्क्वेअर (रेघ आकड्यांना किती नेमकी बसते त्याचं माप, जास्तीत जास्त १) ०.९ च्या वर येईल, सर खूश होतील, आणि तू काहीही शोधलेलं नसेल. एफआरपी हे सूत्रच आहे. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. उतारा १२ टक्के धरला तर १.७५ टक्के जास्त, म्हणजे १७.५ गुणिले ३.४६, म्हणजे ६०.५५. एकूण ४१५.५५ रुपये क्विंटल, टनाला ४१५५ च्या आसपास. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन शेतकऱ्याला मिळतं. तुझं रिग्रेशन या सूत्रातला ३.४६ शोधून काढेल. तो आकडा सरकारी आदेशात आधीच छापलेला आहे.

दहा कारखान्यांवर रिग्रेशन हाही प्रकार टाळ. दहा निरीक्षणांत तीन चलं (मोजायच्या बदलत्या गोष्टी) घातलीस तर उरतं काय?

चलच बदल. शोधायचं असेल तर सूत्राच्या बाहेर काय घडतं ते शोध: एफआरपीच्या वर किती दिलं, पैसे किती दिवसांनी आले, ऊस पक्व झाल्यावर किती दिवस फडात थांबला, खुशाली-एन्ट्री किती गेली. आणि ते कशावर अवलंबून आहे, तर त्या गावात किती कारखान्यांच्या टोळ्या येतात यावर. हा सरांच्या मोनोप्सनीचा खरा कस आहे. मोनोप्सनी असेल तर एकाच कारखान्याच्या गावात हे सगळं वाईट असायला हवं. फडकरी म्हणतात तसं होल्ड-अप असेल तर चार कारखान्यांच्या गावातही फार फरक दिसणार नाही. दोन वेगळी भाकितं आहेत. आता आकडे गोळा करण्यात काहीतरी अर्थ आहे.

पंचगंगाकाठची

सर, आण्णांना ४० टनांचं सांगितलं. म्हणाले, "२००६-०७ ला बघितलंय की, ऊस जास्त झाल्ता तवा." मग बराच वेळ त्या कागदावर बघत बसले. नंतर विचारलं, "पर कारखाना सहकारी हाय. मालक आमीच. मग आमीच आमाला कमी दर का दिऊ?" मला काही सुचलं नाही.

ताई, दर-उताऱ्याचं रिग्रेशन सोडलं. सरांना कसं सांगायचं तेवढं बघते.

रंकाळा_कट्टा

मी आधीच म्हणालो होतो, आण्णांना बसवा.

गारगोटी_ते_गोरेगाव

आण्णांच्या या प्रश्नावर जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या अर्थशास्त्रीय नियतकालिकांपैकी एकात निबंध आहे, आणि तो आपल्याच साखर कारखान्यांवर आहे. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे, 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी', २००१. महाराष्ट्रातल्या जवळपास शंभर सहकारी कारखान्यांची १९७१ ते १९९३ ची आकडेवारी. यातल्या बॅनर्जींना २०१९ चं नोबेल मिळालं, पण ते दुसऱ्या कामासाठी.

मुद्दा थोडक्यात असा. सहकारी कारखान्यात सगळ्या सभासदांना टनाला दर एकच द्यावा लागतो. मोठा बागायतदार संचालक झाला तरी स्वतःच्या उसाला जास्त दर लावून घेऊ शकत नाही. मग नफा आपल्याकडं ओढायचा कसा? सगळ्यांचाच दर थोडा खाली ठेवायचा, पैसा कारखान्यात शिल्लक राहू द्यायचा, आणि त्या शिल्लक पैशाचा विनियोग आपल्या हातात ठेवायचा. दर पडल्यानं मोठ्याचंही नुकसान होतं, पण छोट्या सभासदांकडून येणारा वाटा त्याहून मोठा असेल तर व्यवहार परवडतो. म्हणून सभासदांमध्ये जमिनीची विषमता जास्त, तिथं दर कमी, असं मॉडेल सांगतं, आणि आकडेवारी त्याच बाजूनं गेली.

निबंधातलं गणित आत्ता कळणार नाही. प्रस्तावना आणि निष्कर्ष वाच. प्रस्तावना साध्या इंग्रजीत आहे, शब्दकोश घेऊन बसलीस तर एका रविवारात होईल. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात संगणकावर मिळतो का विचार.

शेती_ऑफिस

शिल्लक पैशातून शाळा, कॉलेजं, दवाखानेपण झाले. इथं लिहिणारे निम्मे लोक अशाच कॉलेजात शिकले असतील. तेही निबंधात आहे का?

गारगोटी_ते_गोरेगाव

मीपण अशाच एका कॉलेजात शिकले. तो पैसा वाया गेला असं निबंध म्हणत नाही. कुणाच्या खिशातून आला आणि खर्चाचं कुणी ठरवलं, एवढंच विचारतो.

एमपीएससी_भावा

हे भारी आहे राव. पण परीक्षेत कुणी विचारणार नाही.

दूधवाली_वहिनी

विषय उसाचा आहे पण राहवत नाही. आम्ही दूध घालतो डेअरीला. तिथं माझ्या म्हशीच्या दुधाची फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) माझ्याच नावावर निघते. ७ लागली तर मला ७ चा दर. ऊस मात्र कुणाचाही असो, दर आख्ख्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. मग कुणी गोड ऊस कशाला पिकवेल? सगळे वजनाच्याच मागं.

जुना_राजारामियन

वहिनी, हा प्रश्न मी पेपरला घातला असता. तुमचा मुद्दा अगदी असाच घडतो. दर सरासरीवर असेल तर माझ्या उसातल्या जादा साखरेचा फायदा हजारो सभासदांत वाटला जातो आणि माझ्या वाट्याला काहीच येत नाही. टनेज मात्र सगळं माझं. म्हणून शेतकरी वजन देणारी जात लावतो आणि कारखाना उतारा देणारी जात लावा म्हणून मागं लागतो. फुले २६५ या जातीवरून जो वाद झाला तो यातूनच. शेतकऱ्याला वजन मिळत होतं, कारखान्यांची तक्रार उताऱ्याची होती.

दुधात मोजणं स्वस्त आहे, एका कॅनचा नमुना काही सेकंदांत मशिनवर तपासून होतो. उसाच्या प्रत्येक ट्रॉलीचा नमुना काढून साखर तपासणं आणि त्यावर सगळ्यांचा विश्वास बसणं, हे अवघड. वजनकाट्यावर जिथं भांडणं होतात तिथं उताऱ्याच्या नमुन्यावर काय होईल?

पोरी, तुझ्या प्रोजेक्टमध्ये यावर एक परिच्छेद हवाच. एकाच जिल्ह्यात, एकाच घरात, गोठ्यात एक करार आणि रानात दुसरा.

गूळ_सौदा

उसापेक्षा गुळावर कर की. शाहू मार्केट यार्डात रोज सौदे निघतात, आवक आणि दर दोन्ही लिहिलेले असतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ ला भौगोलिक मानांकन मिळालंय. आकडे आयते. आवक वाढली की दर पडतो, मागणीचा वक्र तयार.

गारगोटी_ते_गोरेगाव

आकडे आयते आहेत हे खरं, मागणीचा वक्र मात्र आयता नाही. दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाईक वाढतं म्हणून दर चढतो, दर चढला म्हणून गुऱ्हाळवाले जास्त माल आणतात. त्या दिवसांत आवकही जास्त आणि दरही जास्त. पुढं जानेवारीत ऊस भरपूर, आवक जास्त आणि दर कमी. हे सगळे ठिपके एकाच कागदावर टाकून मधून रेघ ओढलीस तर ती मागणीची नाही आणि पुरवठ्याचीही नाही. दोन्ही वक्र हलत असताना त्यांच्या छेदबिंदूंतून गेलेली ती एक रेघ असते.

यावर उपाय फिलिप राइट यांनी १९२८ मध्ये मांडला, वनस्पती आणि प्राणिजन्य तेलांवरच्या जकातीबद्दलच्या पुस्तकाच्या परिशिष्टात. फक्त पुरवठ्याला हलवणारी, गिऱ्हाइकाशी संबंध नसलेली गोष्ट शोधायची, उदाहरणार्थ हवामान. तिच्यामुळं जेवढी आवक बदलली तेवढाच भाग घेऊन दराशी जोडायचा. गुळात अवकाळी पाऊस हे चल होऊ शकतं: पाऊस पडला की चुलवाण बंद, आवक खाली, आणि मुंबई-गुजरातच्या गिऱ्हाइकाला गारगोटीतल्या पावसाशी देणंघेणं नाही. हा प्रोजेक्ट एम.ए.ला कर. आत्ता उसाचाच धर.

पंचगंगाकाठची

ताई, गणिताचं राहिलं. खरंच किती लागतं?

गारगोटी_ते_गोरेगाव

लागतं. याबाबतीत कुणी गोड बोलत असेल तर ऐकू नकोस. पण सगळं गणित लागत नाही. विकलन, त्यातही आंशिक विकलन, बंधनासह कमाल-किमान काढणं, थोडं मॅट्रिक्स, आणि संभाव्यता व संख्याशास्त्र. अकरावी-बारावी सायन्सची पुस्तकं कुणाकडून तरी घे आणि त्यातले फक्त हे धडे कर, त्रिकोणमिती-बिती सोड. मग हॅल व्हेरियन यांचं मध्यम पातळीचं सूक्ष्म अर्थशास्त्र. त्यात मुख्य धडे गणिताशिवाय आहेत आणि विकलन धड्यांच्या परिशिष्टात टाकलंय. आधी धडा, मग परिशिष्ट.

लॅग्रांजचा गुणक आला की पोरं घाबरतात. त्याला इथल्या भाषेत बघ. कारखाना नफा वाढवायला बघतोय, पण रोजच्या गाळपाची मर्यादा आहे. मर्यादा एक टनानं सैल केली तर नफा कितीनं वाढेल? तो आकडा म्हणजे लॅम्डा. शेती_ऑफिस म्हणाले ना, क्षमतेपुढं एक टन जात नाही, तो अडथळा किती महाग आहे याची ती किंमत. मर्यादा गाठलीच नसेल, उदा. एप्रिलमध्ये ऊस संपत आलाय आणि कारखाना अर्धा चालतोय, तर लॅम्डा शून्य. एवढं समजलं की समीकरण फक्त लिहून ठेवायची सोय आहे.

परीक्षांचं: आयआयटींची जॅम ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा २०२१ पासून अर्थशास्त्रालाही आहे. दिल्ली स्कूलसकट बऱ्याच केंद्रीय विद्यापीठांचा प्रवेश सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेवर. भारतीय सांख्यिकी संस्थेची स्वतःची परीक्षा, तिथं गणिताचा कस जास्त. पुण्याची गोखले संस्था १९३० पासून आहे आणि आपल्याला जवळची. पात्रता आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्या-त्या वेबसाइटवर स्वतः वाच, व्हॉट्सॲपवर आलेलं मानू नकोस. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागतेच, हे एमपीएससी_भावासाठी.

एमपीएससी_भावा

नोंद घेतली 🙏 सीयूईटीचा फॉर्म कधी सुटतो?

रंकाळा_कट्टा

पडली विकेट!

जुना_राजारामियन

थोडं अवांतर. तुझ्या अभ्यासक्रमात आर्थिक विचारांचा इतिहास असेल, आणि मुलं तो जन्म-मृत्यूच्या सनावळीसारखा पाठ करतात. त्यात बाबासाहेबांचा १९१८ चा लहान शेतजमिनींवरचा लेख येतो का बघ. जमीन लहान आहे की मोठी हे एकरांवर ठरत नाही, तिच्यावर राबणारी माणसं, बैल, अवजारं, भांडवल यांच्या प्रमाणावर ठरतं, असं त्यांनी त्यात मांडलं. त्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले. तुमच्या शिरोळात वीस गुंठ्यांचा ऊस आणि वीस एकरांचा ऊस यांना टोळी सारख्याच दिवशी मिळते का? हा प्रश्न त्या लेखाशेजारी ठेवून बघ. आणि जमल्यास तुझ्या प्रश्नावलीत 'क्षेत्र किती' हा रकाना घाल, वरच्या २००१ च्या निबंधाशीही तो जुळतो.

पंचगंगाकाठची

सरांशी बोलले. आधी म्हणाले, आता विषय बदलायला उशीर झालाय. मग सूत्राचा हिशोब वहीत करून दाखवला, तर गप्प बसले आणि म्हणाले, "कर, पण वेळेत दे."

आता ठरलंय ते असं. आमच्याच तालुक्यातली दोन गावं, जमीन आणि पाणी साधारण सारखं. एका गावात प्रामुख्यानं एकाच कारखान्याची तोड, दुसऱ्यात तीन-चार. प्रत्येकी तीस शेतकरी. कच्ची प्रश्नावली:
१. उसाखालचं क्षेत्र, जात, लावणीचा महिना
२. पक्व झाल्यावर तोड किती दिवसांनी आली
३. तुम्ही खुशाली आणि एन्ट्री किती दिली
४. बिल किती दिवसांनी जमा झालं, एकरकमी की हप्त्यात
५. गेल्या पाच वर्षांत कारखाना बदलला का, का बदलला

चुलत्यांच्या ओळखीनं तीस माणसं एका दिवसात मिळतील.

गारगोटी_ते_गोरेगाव

चुलत्यांच्या ओळखीची नकोत. ते सगळे एका गटाचे, एका कारखान्याचे आणि बहुतेक एकाच आकाराचे शेतकरी निघतील. गावातल्या ऊसवाल्यांची यादी मिळव, सोसायटीत किंवा तलाठ्याकडं विचार, आणि तिच्यातून ठरावीक अंतरानं नाव उचल, दर सातवं म्हण. ज्याचं नाव आलं तो भेटला नाही तर दुसऱ्या दिवशी परत जा, शेजारचा घेऊ नकोस.

तिसरा प्रश्न असा थेट विचारलास तर निम्मे शून्य सांगतील. "तुमच्या भागात एकरी साधारण किती द्यावी लागते?" असं विचार. स्वतःचंच सांगतात, पण गावाच्या नावावर.

दोन गावांवरून कारखान्यांच्या संख्येचा परिणाम सिद्ध झाला असं लिहू नकोस. गावागावांत इतर शंभर फरक असतात. "या दोन गावांत असं दिसलं" एवढंच लिही. तोंडी परीक्षेला बाहेरचे सर हाच प्रश्न विचारतील, आणि तुझ्याकडं उत्तर तयार असेल.

शेती_ऑफिस

दुसऱ्या प्रश्नात 'पक्व' कशावरून ते लिहा. शेतकरी बारा महिने झाले की पक्व म्हणतो, आम्ही ब्रिक्स (रसाच्या गोडीचं माप) बघतो. नोंदीची तारीख विचारा, ती स्लिपवर असते. आणि खोडवा (तोडलेल्या उसाचं पुन्हा फुटलेलं पीक) की लावण तेही विचारा, खोडवा लवकर येतो. आमच्या कारखान्याच्या गावात आलात तर चिटबॉयला (गावातल्या आमच्या माणसाला) सांगून ठेवतो, माहिती देतील. नाव मात्र कुठं घालू नका.

फडकरी

पोरी, जानेवारी-फेब्रुवारीतच ये. मार्च उलटला की टोळ्या बीडकडं परतत्यात आणि मानूस कोण काय दिलं ते इसरतंय. सकाळी नऊच्या आत न्हायतर सांजचं सातनंतर. मधी कुणाला गाठलंस तर त्यो एका डोळ्यानं ट्रॉलीकडं बघत तुला काय बी आकडा सांगंल. आन् ते खुशालीचं इचारताना शेजारी मुकादम हुबा न्हाई ना, ते आदी बघ.